जाते, संध्याकाळी येते

सावंतकाकूंच्या पाळणाघरातून कुठल्याही आईला चोरून जाता येत नसे.

माझा तिथला पहिलाच दिवस. कोपरखैरण्याला पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. बाहेरची खोली मुलांची, आतली झोपायची. रेवा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीला तिच्या आईनं ठोकळ्यांपाशी बसवलं, मला डोळ्यांनी खूण केली, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरली. मला वाटलं, बाई हुशार आहे. मी रेवापुढे आणखी ठोकळे सरकवले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी रेवाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि सरळ गॅलरीत जाऊन खाली हाक मारली, "रेवाची आई, वर या."

"काकू, कंपनीची बस येईल माझी."

"येऊ दे. तुम्ही वर या."

ती आली. दारातच उभी राहिली. "अहो खेळतेय ना ती. आत्ता सांगितलं तर उगाच रडेल."

"रडू दे. जाते म्हणून सांगा, कधी येणार ते सांगा, मग जा."

रेवाची आई गुडघ्यावर बसली. "रेवा, मम्मा जाते. संध्याकाळी येते." रेवानं हातातला ठोकळा फेकला आणि घर डोक्यावर घेतलं. तिची आई डोळे पुसत जिन्यानं पळाली. काकूंनी रेवाला कडेवर घेऊन गॅलरीतून रस्ता दाखवला. "ती बघ, चालली. संध्याकाळी इथूनच येताना दिसेल." मला वाटलं, ही म्हातारी चांगलीच कठोर दिसते, आपलं इथं कसं व्हायचं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. काकू म्हणाल्या, "चोरून गेली ना गो, की पोर दिवसभर दाराकडे बघत राहतं. आत्ता रडेल, मग जेवेल. हे बरं."

आणि तसंच झालं. रेवा रडली, मग तिनं वरणभात खाल्ला. दाराकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

मी जत तालुक्यातली. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि वडील नुकतेच वारले होते. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इकडे आले. त्यांना रबाळ्याच्या एका कारखान्यात काम होतं, पाळी बदलत राहायची. आम्ही तळवलीत एक खोली घेतली. मीही पॅकिंगच्या कामाला लागले. मुलगी ईश्वरी तेव्हा दोन वर्षांची. तिला कुठं ठेवणार? गावी माझी आई एकटी होती. ईश्वरीला तिच्याकडे ठेवलं. थोडे दिवस म्हणून ठेवलं, पण थोडे दिवस फार लांबतात. माझं पॅकिंगचं काम बंद झालं तेव्हा शेजारच्या बाईनं सांगितलं की कोपरखैरण्याला सावंतकाकूंना मदतीला कुणीतरी हवंय. अशी मी दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला लागले.

काकू मूळच्या कुडाळजवळच्या. बुटक्या, रुंद, केस कायम क्लिपेत वर बांधलेले. पदर खोचून घरभर फिरायच्या आणि सतत कुणाला तरी बोलत असायच्या. "मेल्यांनी डोकं उठवलंय नुसतं. एक दिवस कुलूप घालते आणि जाते गावाला." हे रोजचं. पण एका रविवारी मी विसरलेला डबा न्यायला गेले, तर काकू रिकाम्या खोलीत खेळण्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या. गाड्यांची चाकं पुसत होत्या. "घर खायला उठतं गो रविवारी," म्हणाल्या.

त्यांचे यजमान, सावंतकाका, तुर्भ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी गावी दोन खोल्यांचं घर बांधून ठेवलं होतं. दर वर्षी ठरायचं, शिमग्याला जायचं ते कायमचंच. मग गणपतीनंतर. मग एखादं नवीन बाळ पाळणाघरात यायचं आणि काकू म्हणायच्या, हे जरा रुळू दे. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "हिचा एक पाय कुडाळात, एक कोपरखैरण्यात. मधला सगळा कशेडी घाट माझ्या डोक्यावर."

"मग दोन पाय कशाला दिलेत देवानं?" काकू विचारायच्या.

त्यांच्या या दाराच्या नियमावरून भांडणंही व्हायची. एका बाळाची आजी सोडायला यायची. ती एकदा चिडली. "जाते काय म्हणायला लावता पोरांपुढं? आपल्यात येते म्हणतात. जाते म्हणणं चांगलं नसतं." काकूंनी तिला पाणी दिलं, बसवलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, मीही माझ्या घरी येतेच म्हणते. पण पोराला कसं कळायचं? तुम्ही येते म्हणता आणि तेवढ्यात दिसेनाशा होता. त्याला वाटतं, म्हातारी खोटं बोलते. दोन्ही सांगा. जाते तेही खरं, येते तेही खरं. अर्धंच सांगितलं की उरलेल्या अर्ध्याची त्याला भीती वाटते."

आजी पुटपुटत गेली. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "जाऊन येते रे बाळा." काकू मला आत म्हणाल्या, "चालेल. म्हातारीनं देवालाही सांभाळलं आणि मलाही."

आयांचं कसं असतं ते मला तिथं कळलं. एकदा रेवाची आई लवकर आली, रेवा झोपलेली होती म्हणून माझ्याशी बोलत बसली. म्हणाली, "मंदाताई, बस सुटली ना, की मला इतकं हलकं वाटतं. कानात गाणी लावते, मस्त वाटतं. आणि मग हलकं वाटलं याचंच टेन्शन येतं. मी कसली आई?" मला बोलता आलं असतं. गावाहून परत येताना एसटीत बसलं की मलाही तसंच व्हायचं. पहिले दोन तास रडू, मग सांगोला मागं पडलं की एकदम मोकळं. कुणी हाक मारणार नाही, कुणाची शी-शू नाही. आणि मग त्या मोकळेपणाची लाज. मला वाटायचं हे फक्त माझ्यातच खोट आहे, शिक्षण कमी म्हणून असेल. शिकलेल्या बाईलाही तसंच होतं हे ऐकून मला बरं वाटलं, आणि तिची दयाही आली.

काकू आतून ऐकत होत्या. रेवाची आई गेल्यावर म्हणाल्या, "हलकं वाटतं ते खरं, जीव तुटतो तेही खरं. ही बाई रोज दोघांची कोर्टात केस लावते. कुठला तरी एक खोटा ठरला पाहिजे म्हणून. कशाला? दोघं राहू देत की घरात. सासूसून राहत नाहीत?"

माझ्या ईश्वरीबद्दल त्यांना माहीत होतं, पण त्यांनी फारसं विचारलं नव्हतं. एकदा मी गावाहून परतले आणि चहा घेताना काकूंनी सहज विचारलं, "निघताना रडली का?"

"नाही. झोपली होती. पहाटेची गाडी असते. आई म्हणते, झोपलेल्या लेकराला उठवू नये. निघताना मागं रडणं बरं नसतं."

"दर वेळी झोपलेलीच असते?"

"हो."

काकूंनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील. मी इथं दारात उभी राहून लोकांच्या आयांना थांबवते आणि तिकडं माझं हे असं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर ती काय करते, विचारलंयस कधी आईला?"

मी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवर विचारलं. आई आधी म्हणाली, काही नाही, खेळते. मग म्हणाली, "गोठ्यात बगून येती. मग मोरीत बगती. मग म्हनती, आई कुटं लपलीया."

पुढच्या वेळी मी ठरवून गेले. निघायच्या पहाटे ईश्वरीला उठवायला वाकले तर आईनं माझा हात धरला. "नगं उठवू. तुझं तू निघून जा. मागं मला निस्तरावं लागतंय." ते खरंच होतं. मी निघून जायची, ते रडणं आईच्या वाट्याला यायचं. तरी मी उठवलं. ईश्वरी डोळे चोळत बसली. मी म्हटलं, "ईशू, आई जाते. दिवाळीला येते." आता ती गळ्यात पडेल, मला सोडवता येणार नाही, गाडी चुकेल, हे सगळं मी मनात करून ठेवलं होतं.

ईश्वरी म्हणाली, "बरं." मग आजीला म्हणाली, "म्हातारे, शेरडाला पाला टाकलास का?"

मी एसटीत बसून जतपासून पंढरपूरपर्यंत रडले. सांगोल्याला मोकळं वगैरे काही वाटलं नाही.

काकूंना सांगितलं तर त्या हसायला लागल्या. मला राग आला. म्हणाल्या, "अगो, रडली असती तर रडली म्हणून तू रडली असतीस. नाही रडली तर नाही रडली म्हणून रडतेस. पोरीनं करायचं तरी काय?"

"मला वाटलं, माझी सवय राहिली नाही तिला."

"असेलही. आणि तिला आजी आहे, शेळी आहे, हे बरंही आहे. तुला दोन्ही नको आहे. तिनं रडू नये आणि रडावंही." मग हसणं थांबवून म्हणाल्या, "मंदा, आता मूळ काय ते बोल. तुला ती इथं हवी आहे का?"

मी म्हटलं, हवी आहे. मग एकदम सगळं बाहेर पडलं. खोली एवढीशी. यांची रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं असतं, पोर गप्प बसेल का? आणि आई. ईश्वरीला आणलं की आईच्या घरात उरतं काय? ती म्हणते, ने तिला, तुझी पोर आहे, पण फोनवर तिचं सगळं बोलणं ईश्वरीचंच असतं. आणि मला भीती वाटते. पोर आली आणि मला ती सांभाळता आली नाही तर? दुसऱ्यांची लेकरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, तिची तशी संध्याकाळ होणार नाही.

काकूंनी कुठलंच काही खोडून काढलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "भीती जायची वाट बघू नकोस. ती येणारच तुझ्याबरोबर. तिला पण आण, पोरीला पण आण. दिवसा माझ्याकडे ठेव."

"आणि आई?"

"आईला वाईट वाटणार. ते तुला थांबवता येणार नाही. तिला सांगून ने, एवढं कर. तिच्याकडूनही चोरून नेऊ नकोस."

दिवाळीला मी आईला सांगितलं. तिनं ईश्वरीचे कपडे स्वतः भरले. भरता भरता माझ्यावर ओरडत होती की एक झबलं धड नाही, तुम्ही मुंबईला राहून काय करता. एसटीत बसवताना ईश्वरीला म्हणाली, "जा बाई, लई तरास दिलास मला." आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. त्या वेळी ईश्वरी रडली. आजीसाठी. मी तिला कुशीत घेतलं. तिला तिथून आणल्याचं मला वाईट वाटत होतं आणि ती कुशीत होती याचा आनंदही होत होता. त्यातलं कुठलं खोटं, हे मी ठरवत बसले नाही.

पाळणाघरात ईश्वरीसाठी काकूंनी एक नियम काढला. त्यांचं म्हणणं, दिवसभर एका पोराची आई समोर आणि बाकीच्यांच्या आया ऑफिसात, हे बाकीच्यांना जड जाईल. तिलाही कळणार नाही की ही कधी माझी आणि कधी सगळ्यांची. म्हणून रोज सकाळी मी दारात ईश्वरीला सांगायचं, "आता आई जाते, मंदामावशी येते. संध्याकाळी आई येते." चपला काढायच्या, आत यायचं, आणि दिवसभर ती मला मावशी म्हणणार. ऐकायला गंमत वाटते. ईश्वरीला तर खेळच वाटला. दोन दिवसांत शिकली. जेवताना "मावशी, भात" म्हणायची आणि संध्याकाळी जिना उतरताना पहिल्या पायरीवर "आई" म्हणून हाक मारायची. बाकीची मुलंही खूश होती. मला ते टोचायचं. पण काकूंनी माझ्यासाठी एवढं केलेलं, त्यांना कसं सांगू? मला वाटायचं, आपल्याला कळत नसेल, त्यांनी इतकी मुलं वाढवलीत.

एक दिवस ईश्वरी गॅलरीच्या उंबऱ्यावर अडखळून पडली. हनुवटी फुटली, रक्त आलं. मी आतल्या खोलीत एका बाळाला निजवत होते. ईश्वरी रडत माझ्याकडे पळत आली आणि म्हणाली, "मावशी, लागलं."

काकू तिच्या मागोमाग धावत आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या. त्यांनी माझ्या मांडीवरचं बाळ घेतलं. "मंदा, तिला घे आधी." जखम धुऊन झाली, हळद लावून झाली. मग काकू ईश्वरीसमोर खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, खाली बसायला त्यांना वेळ लागायचा. म्हणाल्या, "ईशू, ही तुझी आई आहे. सकाळीपण आई, दुपारीपण आई. काकूआजीनं चुकीचं सांगितलं होतं."

ईश्वरी म्हणाली, "आणि मावशी?"

"ती बाकीच्यांची."

"मग रेवाला राग येईल."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "आपण सांभाळू."

रेवाला राग आला. आठवडाभर ती माझ्याकडून जेवली नाही. काकूंनी तिला भरवलं. मला म्हणाल्या, "तू मला बोलली का नाहीस गो?" मी म्हटलं, तुम्ही केलेलं इतकं, त्यावर कसं बोलू. काकू म्हणाल्या, "उपकार पण वाटू देत आणि राग पण येऊ दे. मला काय, मी दोन्ही घेईन."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. काकांना दम लागायला लागला, डॉक्टर म्हणाले जिने नकोत. या वेळी खरंच ठरलं. काकूंनी सगळ्या आयांना सांगितलं. रेवाची आई आणि आणखी दोघीजणी म्हणाल्या, मंदाताई, तुम्ही सुरू करा, आम्ही पाठवतो. काकूंनी खेळण्यांची टोपली, मुलांचे पाट, ताटल्या माझ्याकडे दिल्या. मला रात्री झोप लागेना. काकूंना म्हटलं, जमेल का मला? म्हणाल्या, "भीती वाटतेय ना? बरं आहे. न भिणाऱ्या बाईकडे मी माझं पोर ठेवलं नसतं."

जायच्या दिवशी दुपारी टेम्पो भरला. काका पुढे जाऊन बसले. मुलं आत झोपलेली होती. मी भांडी आवरून बाहेर आले, तर दाराशी काकू उभ्या. पिशवी खांद्याला, आणि चपला हातात.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. 

"झोपलीत गो," काकू हळू म्हणाल्या. "उगाच रडतील."

माझं त्यांच्यापुढे कधी धाडस झालं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, आत या."

"टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे. तुम्ही आत या."

त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि आत आल्या. मी मुलांना उठवलं. सगळी डोळे चोळत गोल बसली. काकूंना खाली बसायला वेळ लागला. "बाळांनो," त्या म्हणाल्या, "काकूआजी जाते." आणि थांबल्या.

मुलं वाट बघत होती. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. शेवटी ईश्वरीनंच विचारलं, "संध्याकाळी येतेस?"

"संध्याकाळी नाही."

"उद्या?"

"उद्या पण नाही. कधी येईन ते काकूआजीला माहीत नाही, ईशू. तुमची आठवण येईल. आणि गावाला जायला आवडेल पण. दोन्ही आहे."

मग रडारड झाली. काकूही रडल्या. मी मुलांना गॅलरीत नेलं आणि टेम्पो वळेपर्यंत दाखवला. ती बघा, चालली. त्यानंतर मुलांनी खाऊ मागितला.

काकू गावी सुखात होत्या. फोनवर सांगायच्या, इथं फार बरं वाटतं, आणि तिथं काय चाललंय ते सांग. माझं पाळणाघर सुरू झालं, आमच्या नव्या खोलीच्या दाराशी आयांच्या चपलांची गर्दी व्हायला लागली. यंदा गणपतीच्या आधी काकांचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. त्यांना कुणालाच काही सांगायला मिळालं नाही.

आमच्या यांचं म्हणणं होतं, ईश्वरीला एवढ्यात सांगू नको, सावकाश कळेल, नुकती पहिलीत जायला लागली आहे. मला ते पटतही होतं. तिला शाळेतून आणलं, दप्तर काढलं, आणि तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "ईशू, काकूआजी गेली. आता ती येणार नाही."

ती खूप रडली. मी तिथेच बसून राहिले. मग ती म्हणाली, भूक लागली. मी वरणभात वाढला. ती जेवली, आणि सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं, तर तिच्याच ताटात मीही जेवले.